मुंगीची रविवारची शर्यत

चि. मुंगी हिला मामाचा घसघशीत आशीर्वाद. (ताशी तीनशेच्या वेगाने शर्यतीची गाडी पळवणारा माणूस आता तुझ्या एका शब्दावर वळतो, तेव्हा वर 'आदरणीय' लिहावं असं एकदा मनात आलं होतं. पण जिला मी टायरच्या दुकानातल्या हवेच्या पाइपापासून बखोट धरून लांब नेऊन बसवत असे, तिला आदरणीय लिहायला हात धजेना. राग मानू नकोस.)

तुझी तब्येत कशी आहे? झोप लागते का, की डोळे मिटले तरी गाड्या फिरतात? इकडे सगळे ठीक. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना गप्प असतो, म्हणजे दोष सांध्यात नसून वृत्तीत आहे, असं तुझ्या मामीचं निदान. मामी स्वतः ठणठणीत. तुझे बाबा नेहमीच्या जागी, म्हणजे वर्तमानपत्रामागे. तुझी आई मात्र अतिशय आनंदात आहे, आणि हे पत्र लिहायला तेच कारण झालं. फोन केला तर तू उचलत नाहीस, आणि उचललास तर 'मामा, मीटिंग' म्हणून ठेवतेस. पत्राला मीटिंग सांगता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

मागच्या शर्यतीनंतर तू आईला दोन ओळी पाठवल्यास. पुढची ग्रां प्री शर्यत झाली की नोकरी सोडतेय, सोमवारी घरी येते. बस्स. त्या दोन ओळींवर तिने आठ दिवसांत तुझ्या खोलीतलं शिलाई मशीन बाहेर काढलं, भिंतींना रंग दिला, ओळखीच्या सगळ्यांना कळवलं, आणि मला हुकूम सोडला की दुकानात तुझ्यासाठी टेबल-खुर्ची मांडून ठेवलीय असं लिही. ताईने हुकूम सोडायचा आणि मी तो पाळायचा, ही आमची लहानपणापासूनची वाटणी. तर लिहिलं. टेबल-खुर्ची मांडून ठेवली आहे. हुकूम पाळून झाला, आता माझं ऐक.

आधी आमच्या गल्लीची दशा सांगतो. दुकानात टीव्ही लावल्यापासून (तुझ्यासाठीच लावला, गिऱ्हाइकांसाठी नव्हे) तुझी टीम ही गल्लीची खासगी मालमत्ता झालेली आहे. रविवारी पहिला नंबरच हवा. दुसरा आला तर तोंड दाखवायला जागा नाही, असं शेजारच्या सलूनवाल्याने जाहीर केलंय. मागच्या खेपेनंतर त्याने तुमच्या टीमवर बहिष्कार टाकला होता. तेव्हापासून तो रोज अर्धा तास लवकर येतो. समोर असतात आपले गणिताचे मास्तर. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात. यांनी चौकटीची वही घेऊन टायरची झीज मांडायला घेतलीय. मास्तरांच्या मते ड्रायव्हरने टायर बदलायला एकदाच थांबावं, कडक टायर घालावेत आणि संयम पाळावा. सलूनवाल्याच्या मते दोनदा थांबावं, मऊ टायर घालावेत आणि सुसाट सुटावं. 'जुन्या पात्याने दाढी होते का मास्तर? होते. पण गिऱ्हाईक पुन्हा येतं का?' हा त्याचा मुद्दा. 'पातं बदलायला तू दुकान बंद करून बसतोस का?' हा मास्तरांचा. मग दोघेही माझ्याकडे बघतात, कारण मी टायरवाला. जणू ट्रकचं पंक्चर काढणारा आणि तुमच्या त्या विमानासारख्या गाड्या एकाच आईची लेकरं.

गेल्या गुरुवारी हा वाद कडेलोटाला गेला. त्याच वेळी दाताचे डॉक्टर गाडी लावून गेले. पुढच्या डाव्या चाकातून हवा हळूहळू जातेय, जरा बघा, मी चहा घेऊन येतो, एवढंच ते बिचारे म्हणाले. मास्तरांनी घड्याळ काढलं. एका थांब्यात नेमका किती वेळ जातो हे एकदा प्रत्यक्षच बघू, असा प्रस्ताव आला. मी विरोध करायला हवा होता. मी जॅक आणला. माझ्या दोन कारागिरांनी दोन चाकं घेतली, सलूनवाल्याने तिसरं घेतलं, आणि चौथं त्याच्या त्या गिऱ्हाइकाने, जो एका गालाला फेस आणि दुसरा गाल गुळगुळीत अशा अवस्थेत त्याच्यामागे धावत आला होता. मी पुढे हात वर करून उभा, तुमच्याकडे असतो तसा. अशी आरडाओरड झाली म्हणून सांगू! चार चाकं निघाली, गडगडत इकडून तिकडे गेली, चार चाकं बसली. अकरा मिनिटं चाळीस सेकंद. तेवढ्यात तुझा ड्रायव्हर सात फेऱ्या मारून आला असता, असं मास्तरांनी वहीत नोंदवलं, तरी टाळ्या पडल्याच. डॉक्टर आले, मी छाती काढून चावी दिली, ते कोपऱ्यापर्यंत गेले आणि चालत परत आले. फार सौम्य माणूस. म्हणाले, 'मघाशी पुढचं डावं बसलं होतं. आता मागचं उजवं बसलंय. याला प्रगती म्हणायची का?'

कारण पंक्चर कोणी काढलंच नव्हतं. (पुढच्या आठवड्यात माझी दाढ त्यांच्या हातात आहे. ते कुठली काढतील सांगता येत नाही, आणि मला विचारायला तोंड नाही.)

तू हसली असशील तर बरं. मी त्या दिवशी फारसा हसलो नाही. मुंगे, मी एक हातपंप आणि एक पाण्याचं घमेलं एवढ्यावर धंदा सुरू केला. अडतीस वर्षांत कान असा तयार झालाय की घमेलं लागत नाही. टायर कानाशी धरला की भोक कुठे आहे ते सांगतो. ते चाक सूं सूं करत माझ्या नाकासमोरून दोनदा गेलं आणि मला ऐकू आलं नाही. का, तर पाच जण ओरडत होते आणि मला ते आवडत होतं. तेव्हा पहिल्यांदा तुझा विचार आला. तुझ्या त्या हेडफोनमध्ये एका वेळी किती जण बोलत असतात गं?

मागच्या शर्यतीचं सांगतो, मग आवरतं घेतो. चौदा फेऱ्या उरल्या होत्या, तुमची गाडी पुढे होती, आणि तू त्याला रेडिओवर टायर बदलायला आत बोलावलंस. तो बाहेर पडला तो सहावा. सलूनवाल्याने वस्तरा उगारला (खाली कोणी नव्हतं, नशीब). लोक काय काय बोलले ते लिहीत नाही, तू त्याहून वाईट वाचलं असशील. माझा कान मात्र दुसरीकडेच अडकला होता. तू सात-आठ वर्षांची असताना ताई तुला निरोप देऊन दुकानात पाठवायची. तू यायचीस, उभी राहायचीस, आणि काठोकाठ भरलेला पेला न्यावा तसा एकेक शब्द सांभाळत सांगायचीस. 'मामा. आईने. सांगितलंय.' आणि स्वतःचं काही असलं, की ना आगा ना पिछा, 'हे चाक मी नेते हं' म्हणेपर्यंत चाक रस्त्यावर. त्या दिवशी टीव्हीवर तू म्हणालीस, 'या फेरीला. आत. ये.' पेला होता तो. नंतर माइकसमोर म्हणालीस, 'निर्णय माझा होता.' तोही पेला.

तो निरोप कोणाचा होता ते मी विचारत नाही आणि तू सांगू नकोस. आपल्या माणसांना उघडं पाडायचं नाही हे तू केलंस, ते मला पटलं. पण ते ओझं घेऊन तू नोकरी सोडतेयस, आणि सगळे समजतायत की तू चुकलीस. हळूहळू तुलाही तसंच वाटायला लागेल. म्हणून लिहितो की मी ऐकलंय. रविवारी त्याला आत बोलवावंसं वाटलं तर बोलव. नको वाटलं तर कानात बोलणाऱ्यांना सरळ 'नाही' म्हण. मग गाडी पहिली येवो की सोळावी, गल्लीचं मी बघून घेतो. त्यानंतरही सोडावंसं वाटलं तर खुशाल सोड, पण स्वतःच्या चुकीसाठी सोड. ती तरी तुझी असेल.

तुझ्या ड्रायव्हरला माझा नमस्कार. त्याला म्हणावं, वळणावर मागचं उजवं चाक फार घासतोस.

तुझा,
मामा

ता. क. मास्तरांनी चार पानं हिशेब दिलाय, तो सोबत जोडला आहे. वाचू नकोस. मी वचन फक्त जोडण्याचं दिलं होतं.

ता. क. दुसरा. टेबल-खुर्चीचं खरं सांगायचं तर ती जागा आता मोकळी नाही. काल मी तिथे नवा कॉम्प्रेसर बसवून घेतला. चौघांना उचलत नाही. ताईला अजून माहीत नाही, तेव्हा कृपा करून सोमवारी येऊ नकोस, एवढीच या पत्राची विनंती. बाकी सगळी प्रस्तावना.

मुंगे, हे आईचं अक्षर. हे पत्र पेटीत टाकायला तुझ्या मामाने माझ्याच हातात दिलं, आणि पाकीट चिकटवलं नव्हतं. तो भोळा आहे की बेरकी, हे मला सत्तावन्न वर्षांत कळलेलं नाही. कॉम्प्रेसर राहू दे म्हणावं. टीव्हीवरचा तुझा तो निरोपाचा आवाज मीही ओळखला होता. लहानपणी तू न्यायचीस ते निरोप माझेच असायचे ना. पण मला तू घरी हवी होतीस, म्हणून मी बोलले नाही. सोमवारी आलीस तर मी दार उघडीनच, आणि मला आनंदही होईल. म्हणून सांगते, येऊ नकोस.