बाबाच्या पायाले शेक

नागपूर

दादा,

काल फोनवर मी मधातच विषय बदलला, त्याले कारण आहे. तुमचा फोन बाबाच्या उशाशी राहते, अन् स्पीकरही चालू राहते. हे पत्र तू एकट्यानंच वाच.

माझी काळजी नको करू. होस्टेलचं जेवण ठीक आहे. नर्सिंगच्या टेस्टमध्ये नर्व्हस सिस्टमला मीच पहिली आली! लॅबमध्ये खरी स्पायनल कॉर्ड पाहिली, आपल्या करंगळीएवढीच जाड. मेंदूचा हुकूम तिच्यातूनच पायापर्यंत जाते, अन् पायाचा चटका तिच्यातूनच वर येते.

बाबा मोहाच्या झाडावरून पडले तेव्हा तीच तुटली रे. पायाले काहीच झालं नाही.

आई रोज गरम विटेनं शेकते. बाबा म्हणतात, "काहीच लागत नाही वो," म्हणून ती वीट अजून तापवते. काल किती खुशीत सांगत होती, "दुर्गा, टाचेले फोड आला वो, असर होऊन राहिला!"

दादा, तो भाजल्याचा फोड आहे. शेक आजच बंद कर. त्यावर टोरीचं, मोहाच्या बियांचं तेल लावू देऊ नको, बाबाले चिचगडच्या दवाखान्यात दाखव. अशी जखम लवकर भरत नाही.

पण आई विचारन, "काऊन बंद?" बाबा आता चालणार नाहीत, हे डॉक्टरनं फक्त तुले अन् मले सांगितलं. तिच्या हातात तर ती वीटच आहे.

तब्येत जप. आईच्या जेवणाकडेही पाह्य.

तुझी लहान बहीण,
दुर्गेश्वरी

तुले काय वाटते, तिले आता खरं सांगून टाकावं का?