वदादआत्याची तुती

राशाया, १० सप्टेंबर १९७२
चि. लमीस हिला आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या बापाने मला फसवलं. जमिनीतला हिस्सा सोडताना मी एवढंच मागितलं होतं, आईच्या काळ्या शामी तुतीचं कलम. आता सोबतचं पान बघ. ही तुती की बदकाचा पंजा? शामीचं पान कसं, अखंड, हात फिरवला तर बोटं सोलतील असं. फारिसने साधी पांढरी तुती माझ्या गळ्यात मारली. तू बैरूतला पानांचंच शिक्षण घेतलंस, तर निकाल दे. पांढरी निघाली तर झाड तोडते आणि भावाला टाकते. त्याच्या मयतालाही येणार नाही, असं कळव त्याला.

लोभ आहे. किती, ते निकालावर.
आत्या

बैरूत, १८ सप्टेंबर
ती. वदादआत्यास, लमीसचा सा. न. वि. वि.

पान मिळालं. पाच खंड, दंतुर कडा, वरची बाजू चकचकीत, लव फक्त शिरांच्या बगलेत, देठ लांब. पान पांढऱ्या तुतीचं आहे. पण एका पानावरून झाडाचा निकाल देत नाहीत. झाडावरचं सर्वांत फाटकं पान तू निवडून पाठवलंस, हेही दिसतं. त्याला वनस्पतिशास्त्र लागत नाही. शामीचं पान तळाशी खोल हृदयाकृती, देठ आखूड, वरून खरखरीत, खालून लवदार. खोडावर कलमाचा सांधा शोध. त्याच्या वरची आणि खालची पानं वेगवेगळी पाठव. तोवर कुऱ्हाड लांब ठेव.

बाबांना बारूकला फोनवर निरोप दिला. मयत त्यांचंच असेल तर कोण आलं नाही हे त्यांना कळणार कसं, असं ते म्हणाले.
तुझी लमीस

राशाया, ३० सप्टेंबर
चि. लमीस,

तुझं पत्र तुझ्या आतोबांना वाचून दाखवलं. हृदयाकृती ऐकून ते म्हणाले, फारिसच्या छातीत तसं काही सापडतं का ते आधी बघायला सांग.

सांधा सापडला, गुडघ्याच्या उंचीवर. वरची पानं पाठवता येत नाहीत, कारण वर काही नाही. आमच्याकडे उन्हाळाभर मेंढीला मुठीने तुतीचा पाला भरवतात आणि थंडीआधी तिच्या मांसाचा कावर्मा करून चरबीत मुरवून ठेवतात, हे तुला ठाऊक आहेच. वरचा पाला जाड होता, मेंढी त्याच्यावर तुटून पडायची. म्हणून मी दर वर्षी वरूनच छाटत गेले. मग तो खुंट वाळला. खालून फुटवे आले, तेच वाढवले. यात काही बिघडलं का?
आत्या

बैरूत, ८ ऑक्टोबर
ती. आत्यास सा. न.

बिघडलं. सांध्याखालचं खोड पांढऱ्या तुतीचंच असतं. शामी त्यावर बांधतात. खालचे फुटवे खुडायचे असतात, लाडाने वाढवायचे नसतात. बाबांनी शामीच दिली होती. ती मेंढीने खाल्ली, तुझ्या मुठीतून.

हे मी बाबांना सांगितलेलं नाही. भावंडांच्या भांडणात मला पडायचं नव्हतं. पानापुरतं माझं काम होतं, ते संपलं.
लमीस

राशाया, १५ नोव्हेंबर
चि. लमीस,

टॅक्सीवाल्याबरोबर कावर्माची बरणी पाठवते आहे. तुझ्या बापाला दे. सांग, आईचं अख्खं झाड यात आहे, अंड्यांबरोबर खा. माफीबिफी मी मागत नाही.
आत्या

बारूक, ३ डिसेंबर
ती. आत्यास सा. न.

सुट्टीसाठी घरी आले आहे. बरणी दिली, निरोप शब्दशः सांगितला आणि त्यांनी अर्थ विचारला तेव्हा मेंढीची हकिगतही. बाबांनी पहिला घास खाल्ला. मीठ कमी पडलं का, असं मी विचारलं. मग ते म्हणाले, तुझ्या घरात शामी ओळखणारी एक ती मेंढीच होती, तीही तुम्ही खाऊन टाकलीत. एवढं बोलून त्यांनी ब्रेडने ताटली पुसली आणि पुन्हा वाढून घेतलं.

संध्याकाळी ते आजीच्या झाडाखाली उभे राहून कलमासाठी काड्या निवडत होते. बर्फ वितळलं की चाकू घेऊन तुझ्याकडे स्वतः येणार आहेत. आठ दिवस राहतो म्हणाले. अट एकच: कलम बांधून होईपर्यंत तू दोन्ही हात पाठीमागे धरून उभं राहायचंस.

होकार कळव. ते रोज विचारतात, पत्र आलं का.
तुझी लमीस