मोरीजवळची बाभूळ

सुलतानपूर,
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. जयमाला हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र पोचलं. फोनवर तुले ऐकू येत नाही आणि मोबाईलवरचं तू वाचत नाही, म्हणून या वयात मले शुद्धलेखन करावं लागून राह्यलं. तुझी वहिनी म्हणते, शाळेत एवढं लिहिलं असतं तर मास्तर झाले असते.

गावात सध्या एकच विषय, रस्ता. मेहकरच्या अंगानं खोदत येऊन राह्यले. आपल्या दारापुढं कमरेइतकी नाली खणली आणि माणसं गेली ती आठ दिवस फिरकली नाहीत. घरात जायले फळी टाकली आहे. सुभद्राकाकू फळीवर बसूनच सरकत येतात आणि अर्ध्यात थांबून गप्पा मारतात. परवा इंद्रभानची म्हैस नालीत उतरली. तिले काढायले अर्धं गाव दोर घेऊन जमलं, तर ती आपली आपण चालत पलीकडच्या टोकानं बाहेर निघाली. वांग्यांवर इतकी धूळ बसते की बाजारात न्यायच्या आधी धुवावी लागतात.

आता येशील तेव्हा एक ऐक. एसटीत डाव्या खिडकीसाठी कोणाशी भांडू नको. राखीले त्या मास्तरीणबाईले उठवलं होतंस. सगळी धूळ तिकडूनच येते, काच लावून आतल्या सीटवर बस.

जावईबापूंना रामराम. तब्येतीले जप, आणि दादावर आहे तशीच माया राहू दे.

तुझा,
ज्ञानेश्वरदादा

अकोला,
२३ जानेवारी २०२५

ती. दादास,
जयमालाचा सा. न. वि. वि. म्हशीचं वाचून हे इतके हसले की बशीतला चहा सांडला. वहिनीले सांग, मास्तर झाले असते तर पोरं नापासच झाली असती.

पण काच लावून बस असं काऊन लिहिलं? रस्ता रुंद होते म्हणजे झाडं जातात, एवढं मले कळते. रस्त्याखालच्या मोरीजवळच्या बाभळीवर तोडायचा नंबर टाकला का?

बावीस वर्षं झाली, आता लिहायले लाजत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून मी आले आणि माझा पोरगा नवव्या दिवशी गेला. बारसं व्हायचं होतं, म्हणून त्याले नाव नाही. फोटो नाही. एवढ्याशा लेकराले जाळत नाहीत, पुरतात, आणि आईले तिथं नेत नाहीत. सव्वा महिन्यानं तू मले सासरी पोचवायले निघालास तेव्हा मी गाडीत विचारलं, कुठं ठेवलं त्याले? तू ती बाभूळ दाखवली. तेवढीच माझ्याजवळ आहे.

येताना डावी खिडकी, जाताना उजवी. दर दिवाळीले तिथं एक लाडू टाकते. तो पाच वर्षांचा झाला असता त्या साली चेंडू टाकला होता, कंडक्टर ओरडला. उतरून कधी गेले नाही. आई म्हणायची, तिथं आईनं पाय ठेवला की पुढच्या लेकरांना बाधते. आता माझ्या दोन्ही पोरी मोठ्या झाल्या.

मशीन यायच्या आधी एवढं कर. पांढऱ्या फडक्यात तिथली ओंजळभर माती घे आणि आपल्या विहिरीजवळ पूर. वर मोगरा लाव. भाऊबीजेले मी त्याच्याजवळ बसेन. गाडी तिथं कधी थांबली नाही, दादा, म्हणून मी कधी बसलेच नाही.

वाट पाहते. मोठ्यांना नमस्कार, बहिणीवर लोभ असू द्या.

तुझी,
जया

सुलतानपूर,
९ फेब्रुवारी २०२५

चि. जयास,
आशीर्वाद. हे चौथ्यांदा लिहून राह्यलो, तीन कागद फाडले.

बाभूळ मंगळवारी गेली. मी फडकं घेऊन सकाळीच तिथं गेलो होतो. खाली वाकलो आणि माती उचलता आली नाही.

जया, तो तिथं नाही. त्या दिवशी बाबानं मले औषध आणायले मेहकरले धाडलं होतं. शिशी घेऊन परत आलो तेव्हा सगळं झालं होतं. बाबा विहिरीवर अंघोळ करत होते, कुदळ धुऊन ठेवली होती. ते एकटेच गेले होते. कुठं, ते त्यांनी आईलेही सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा उठून गोठ्यात गेले. सहा वर्षांमागं ते वारले आणि ती जागा त्यांच्याबरोबर गेली.

गाडीत तू विचारलं तेव्हा तुझं तोंड पाहून मले ‘माहीत नाही’ असं म्हणवलं नाही. समोर बाभूळ आली, मी बोट केलं. वाटलं, वर्षभरात विसरशील. दिवाळीले तुले आणायले यायचो, तू लाडू टाकायची तेव्हा मी तोंड फिरवून बसायचो.

कुठलीही माती पुरून मोगरा लावला असता तर तुले कळलं नसतं. पण तू तिथं बसणार, आणि मी रोज तिथून पाणी सोडणार, ते माझ्यानं होणार नव्हतं. मशीननं मुळासकट खणलं. तिथं काही नाही हे मले माहीत होतं, तरी संध्याकाळपर्यंत त्या खड्ड्यात पाहत उभा राह्यलो.

शिव्या दे, पण पत्र धाड. आणखी काही मागायचं तोंड नाही.

ज्ञानेश्वर

अकोला,
२ मार्च २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि. पत्र मिळालं त्याले पंधरा दिवस झाले. यांनी दोनदा वाचून दाखवलं, मीच सांगितलं होतं.

तुझा राग आला. अजून आहे. बाबांचा जास्त आला, पण ते एकटे कुदळ घेऊन गेले, हे डोळ्यांपुढून जात नाही. नातवाले हातात घेऊन ते कुठपर्यंत चालले असतील, एवढंच मनात येते. तू चोवीस वर्षांचा होतास, तुले काय म्हणू. तू बोट केलं म्हणून मी त्या दिवशी गाडीतून उतरून त्याले शोधायले धावले नाही, हेही खरं आहे.

मोगरा लावू नको. वहिनीले यातलं काही विचारू नको म्हणावं, मीच बोलेन.

भाऊबीजेले येईन. ओवाळीनही, तुले दुसरी बहीण नाही. तोवर रस्ता झाला असेल. फक्त एवढं लिहून कळव. मेहकरहून गाडी निघाली की मी आता कोणत्या खिडकीशी बसू?

तुझी,
जया