पाऊण औंस छर्रे

विंझर,
१२ नोव्हेंबर १९३६

प्रिय याकूब,

अक्षर बघून हसू नकोस. डाव्या हाताचं आहे, आणि आमच्या घरच्या सखूबाईच्या मते उजव्याचंही काही लई बरं नव्हतं! भाताची कापणी उरकली, खाचरांत तितरं उतरायला लागलीत. परवा दोन वर्षांनी बंदूक हातात धरली, मेहुण्याची, आपल्या जुन्या बंदुकीसारखीच बारीक नळीची, अठ्ठावीस बोअरची. डाव्या खांद्याला लावून एक तितर पाडलं, चार चुकली. सखूबाई रस्सा वाढताना म्हणाली, याकूबभाऊजी असते तर पाचही पडली असती. मी आणखी रस्सा मागितला.

तुझं सांगणं आठवत होतं. या बारीक नळीला पाऊण औंस छर्रे बास. लाव्याला आठ नंबर, तितराला सात. जाड छर्रा घेतला तर दाणे कमी बसतात आणि पाखरू मधूनच निसटतं. जास्त पाडायची असतील तर जास्त भरू नको, दहा पावलं पुढं जा. अरे, किती वेळा घोकून घेतलंस माझ्याकडून! पण शिकारीत नेहमी वरचढ ठरणाऱ्या मानसिंगाच्या थोरल्या बारा बोअरपुढं मला आपली बंदूक पोरखेळ वाटायची.

दोन वर्षांपूर्वी नळी मागच्या टोकाला फुटून माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली तेव्हा मला पाठीवर घेऊन तू मार्गासनीच्या दवाखान्यापर्यंत धावलास. त्या दिवसापासून तू काडतूस भरलं नाहीस. काडतुसं तुझ्या हातची म्हणून गावानं तुलाच नावं ठेवली, आणि माझा हात दिसला की तुझी मान खाली जाते.

काल गेनबा सांगत आला की भोरचं काडतुसांचं दुकान मोडून तू दारू-छर्रे मोजायचं भरणीचं मापही विकायला काढलंयस. जीव उडाला माझा. याकूब, तुझ्या भरणीत खोट नव्हती. आदल्या दिवशी म्या तुझी काडतुसं उघडली, दारू वाढवली आणि बसतील तेवढे छर्रे कोंबले. मानसिंगावर सरशी करायची होती. अति तिथं माती! तू तोंड बघणार नाहीस या भीतीनं गप्प बसलो आणि दोन वर्षं तुला जाळत ठेवलं. आज सकाळी चावडीवर सगळ्यांपुढं हे सांगितलं. आधी तुलाच सांगायला हवं होतं, पण तुझ्यासमोर धीर होईना. शिव्या घाल, जोडा मार, पण माप विकू नकोस. गेनबाबरोबर वीस रिकामी काडतुसं पाठवतोय. ती भरून तूच घेऊन ये. पहिला बार मी काढीन, तू शेजारी उभा राहा.

तुझाच, मार खायला तयार असलेला,
रखमाजी