धाकट्याच्या सायकलची बारीक चाकं

पप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत इमारत उभी राहिली आणि तिला गळतीही लागली. तुमच्याकडून सायकलची चाकं बांधायला शिकलेली मी, अजून शांती नगरच्या त्याच गाळ्यात बसतेय. धाकटा, तुमचा लाडोबा, ऑफिसात नोकरीला लागला. आता घरीच असतो. त्याची फुप्फुसं आतून आवळत चाललीत. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. हे दुखणं मागे फिरत नाही म्हणाले, झेपेल तेवढं हलत राहा.

त्याच्याकडे फॅट बाईक आहे. तुम्ही म्हणाला असता, "सायकल आहे का रोडरोलर?" एवढे जाड टायर, वाळूतसुद्धा रुतत नाहीत. दर रविवारी ती घेऊन उत्तनच्या किनाऱ्यावर जायचा, येताना माझ्यासाठी सुके बोंबील आणायचा. यंदा जेसल पार्कात स्वतःच्या बिल्डिंगसमोरही ती त्याला ओढवेना. मी म्हटलं, "दुसरी हलकी घे की." तर म्हणतो, "ताई, सायकल वाईट नाही गं. हे टायर जीव काढतात. तू बारीक चाकं बांधून दे, मग बघ, उत्तनला जाऊन दाखवतो." किती महिन्यांनी त्याच्या आवाजात जोर आला होता. नाही कसं म्हणू?

तयार चाकं त्यात बसतच नाहीत, चाक धरणारा चिमटाच मुळी रुंद. म्हणून चाकांमधले जुनेच हब ठेवले आणि त्यांवर बारीक रिम बांधल्या, तेही मापाने मोठ्या, नाहीतर सायकल खाली बसून पेडल स्पीडब्रेकरला घासलं असतं. तारा ओवताना तुम्ही शेजारी येऊन बसता. मी शाळेतली पोर, चाकाचा आउट काढतेय, म्हणजे फिरताना ते लचकतं ते सरळ करतेय, आणि कंटाळून गिऱ्हाइकाला म्हणतेय, "चालतंय, न्या." तुम्ही त्याला हाक मारून परत बोलावता आणि सगळ्यांदेखत साऱ्या तारा सोडता. "चालतंय काय? माणूस बसणारेय त्यावर, पोतं नाही!" असा राग आला होता तुमचा, की त्या रात्री मी जेवले नाही. पण त्यानंतर या हातून वाकडं चाक बाहेर गेलेलं नाही. हीही तशीच बांधली. आणि बांधणाऱ्याने आधी स्वतः बसायचं हा तुमचा रिवाज, म्हणून चौकापर्यंत फेरी मारून आले. पप्पा, काय पळाली हो! पायाला काही लागतच नव्हतं.

मग त्याच्याकडे नेली. तो बसला, गेटमधून निघाला आणि पुढच्या बिल्डिंगपाशी थांबला. पाय टेकून हँडलवर डोकं ठेवलं. मी धावले. ओठ निळे पडलेले. श्वास जागेवर आल्यावर त्याने खाली वाकून चाकांकडे बघितलं, आणि मला कळलं मी काय करून बसले ते. इतके दिवस शिव्या घालायला बिचाऱ्याला ते टायर तरी होते. मी तेवढेही काढून घेतले. "ताई, चाकं तर..." तो म्हणायला लागला. मी पुढे बोलूच दिलं नाही. "मेलं चाकच घासतंय! आउट राहिलाय माझ्याकडून. परत बांधायला हवं."

"तुझ्याकडून?"

"मग काय! म्हातारी झाले आता."

तेव्हापासून सायकल दुकानात आहे. सकाळी दोन तारा सैल करते, संध्याकाळी पुन्हा आवळते. परवा शेजारचा शिंपी चाक फिरवून बघून म्हणाला, "दीदी, पहिया तो एकदम सीधा है." मी खेकसले त्याच्यावर, "आप अपना सिलाई देखो ना!" धाकटा रोज दुकान उघडायच्या वेळेला फोन करतो. आधी नुसती धाप ऐकू येते. मग विचारतो, "झालं का गं?" आणि मी म्हणते, "नाही रे, जमतच नाहीये."

काल म्हणाला, "राहू दे, घाई करू नकोस. पण मी फोन करत जाईन हं." तेव्हा लक्षात आलं. तुमच्या दुकानात लहानाचा मोठा झालेला पोरगा, सरळ चाक त्याला ओळखू येत नाही होय? त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, पप्पा. मला बरं वाटावं म्हणून विचारत होता.

आज दुकान उघडून बराच वेळ झाला. समोरची दुकानं जेवायला बंद व्हायला लागली. त्याचा फोन आलेला नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, मला माहीत आहे. त्याला फोन लावायची हिंमत होत नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसलेय.