मंदार, मी हेल्पडेस्कवर रुजू होतेय

प्रिय मंदार,

आज सकाळी नागपूरहून विवेकदादांचा फोन आला होता. त्यांना सांगितलं, नोकरी लागली. इथल्या एका कॉलेजात, आयटी हेल्पडेस्कवर, सोमवारपासून. ते म्हणाले, "मंदारला हे आवडलं नसतं."

म्हणून हे पत्र. तू जाऊन दोन वर्षं होत आली. तेव्हापासून तुला काय आवडलं असतं आणि काय नसतं, हे मला सगळे सांगत असतात. तुझे दादा, माझी आई, इथल्या हाउन्सलोतल्या मराठी मंडळाच्या बायका. मला वाटलं, एकदा थेट तुलाच विचारावं. नवरा माझा होतास ना?

खरं सांगू? थोडंसं नसतंच आवडलं तुला. रागावू नकोस, पण तुझी ती सवय आठव. प्रिंटर अडला, लॅपटॉप हळू झाला, मी काही विचारायला आले, की तू हात पुढे करायचास. "दे इकडे." आणि दोन मिनिटांत काम झालेलं. मी चहाचा कप घेऊन बाजूला उभी. काय केलंस म्हणून विचारलं तर म्हणायचास, "तुला कशाला डोक्याला ताप?" प्रेमानेच म्हणायचास, ते मला ठाऊक आहे. पण तुझ्या त्या प्रेमाने मला अडाणी ठेवलं, मंदार!

तू गेलास त्याच महिन्यात घरातलं इंटरनेट बंद पडलं. आपल्या इराच्या परीक्षा तोंडावर आलेल्या. मी त्या काळ्या डब्याकडे बघून रडले. एवढं तर मी तुझ्या दहाव्याला रडले नव्हते. मग डोळे पुसून कंपनीला फोन लावला. पलीकडे ग्लासगोची एक बाई होती. तिचं निम्मं इंग्रजी मला कळेना आणि माझं तिला. पण ती घाई करेना. "मागे हात घाल, राखाडी वायर सापडली का? काढ. आता परत लाव. कुठला दिवा लागला?" तिला माझ्या हातातून काही काढून घेता येत नव्हतं ना, म्हणून मलाच करावं लागलं. हिरवा दिवा लागला तेव्हा ती म्हणाली, "बघ, तूच केलंस." फोन ठेवला आणि मनात आलं, हे काम मला जमेल. हे काम मला हवंय.

तू हसला असतास का? इतर सगळे हसले.

एअरपोर्टवरच्या दुकानात माझ्या शिफ्टा चालूच होत्या. आज पहाटेची, उद्या दुपारची. संध्याकाळच्या कॉलेजच्या वर्गांची चौकशी करून आले. मंगळवार-गुरुवार हजर राहायलाच हवं म्हणाले. माझा मंगळवार कधी माझा असतो का? मग एका ट्रेनिंग कंपनीच्या पोराचा फोन आला. काय गोड बोलत होता! कोर्स, कोच, नोकरीची हमी, सगळं एकाच पॅकेजमध्ये, पण आजच्या आज सही करायची. मी विचारलं, "परीक्षा तुम्ही घेता की दुसरं कुणी?" तो म्हणाला, दुसरं कुणी. "मग परीक्षेची फी यात आहे? नापास झाले तर? हमी म्हणजे नोकरी, की नुसती मुलाखत?" त्याने तिन्ही वेळा "मॅम, ट्रस्ट मी" एवढंच म्हटलं. मी फोन ठेवून दिला. नवऱ्यामागे एकटी राहिलेल्या बाईला आपण काहीही विकू शकतो, असं या लोकांना वाटत असतं!

मग मी उलटीकडून सुरुवात केली. आधी आमच्या भागातल्या हेल्पडेस्कच्या जाहिराती वाचल्या. कुठलं सर्टिफिकेट सगळ्यांत जास्त जण मागतात ते बघितलं. ती परीक्षा ठरवली आणि त्यानंतर तिच्यासाठी आपल्या सवडीने शिकायचा ऑनलाइन कोर्स निवडला. कुणालाही न विचारता. इतक्या वर्षांत कुणाला न विचारता केलेली ती माझी पहिली निवड. आपल्या सोफ्याचा रंगसुद्धा तूच ठरवला होतास, आठवतंय?

सवडीने शिकायचं म्हणजे सोपं, असं समजू नकोस. सर नाहीत, वर्ग नाही, ओरडायला कुणी नाही. काही आठवडे मी एक पानही पुढे सरकले नाही. बसमध्ये व्हिडिओ बघायचे आणि उतरायचा स्टॉप आला तरी आयपी अ‍ॅड्रेस डोक्यात शिरलेला नसायचा. सरावाला म्हणून तुझा तो लाडका जुना डेस्कटॉप जेवणाच्या टेबलावर घेतला आणि त्याचं पोट उघडलं. हो, उघडलं! मेमरी काढली, परत बसवली, आणि मग तो सुरूच होईना. तुझ्या वस्तूला मी मारून टाकलं, असंच वाटलं. दुसऱ्या दिवशी कळलं, मेमरीची पट्टी नीट बसलीच नव्हती. अंगठ्याने दाबली, टक् आवाज आला, पंखा फिरायला लागला. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

पहिल्यांदा नापास झाले. सेंटरमधून बाहेर आले आणि बसस्टॉपवर बसून राहिले. इराला फोन केला. तिचं मराठी अजून तसंच आहे. म्हणाली, "आई, तू फेल झाला तर काय झालं? माझा ड्रायव्हिंगचा थिअरी टेस्ट पण फेल झाला होता. परत बुक कर ना!" त्या "झाला"वर मला हसू फुटलं. तिथेच बसून परत बुक केली.

दादांना तेवढंच निमित्त मिळालं. "अगं मुक्ता, हे काय वय आहे परीक्षा द्यायचं? इथे आपल्या घराचा वरचा मजला रिकामा आहे. इराची ती ए लेव्हलची परीक्षा झाली की दोघी या. तुम्हाला काही कमी पडू देणार नाही." माणूस चांगला आहे रे, खोटं नाही बोलत. पण त्या मजल्यावर माझं काय व्हायचं? "मंदारची बायको" एवढंच ना?

दुसऱ्या खेपेला पास झाले.

कॉलेजच्या मुलाखतीत विचारलं, "वर्ग सुरू व्हायला आलाय, प्रोजेक्टर चालत नाही, शिक्षक तुमच्यावर फोनवर ओरडतायत. काय कराल?" मी म्हटलं, "आधी ओरडू देईन. विमान चुकलेली माणसं रोज माझ्या काउंटरवर ओरडतात. शिक्षकांचा दम संपला की एकच प्रश्न विचारीन, आत्ता तुम्हाला समोर काय दिसतंय?" समोरची बाई हसली आणि तिने काहीतरी लिहून घेतलं.

तर, आज सकाळी दादा म्हणाले, तुला आवडलं नसतं. मी म्हटलं, "दादा, मंदार असता तर हा प्रश्नच आला नसता. तो नाही, म्हणून मी ठरवतेय. मी येत नाही. इराही येत नाही. दिवाळीला भेटायला येऊ, राहायला नाही."

दादांना असं मी आधी कधी बोलले नव्हते. पण बोलले.

मंदार, तू बरा शिक्षक नव्हतास, पण माणूस फार गोड होतास. तुझी आठवण अजून अशी अचानक येते, की हातातली पिशवी खाली ठेवावी लागते. तरीही तुला वचन देते. असा एक दिवस येईल, की कामाच्या धबडग्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत तू मला एकदाही आठवणार नाहीस. घरी येताना मी खुशीत असेन. आणि त्या दिवसाबद्दल मी तुझी माफी मागणार नाही.

तुझी भांडखोर,
मुक्ता