तीन मोठी वर्तुळं आणि एक लहान

प्रिय भिंगरी,

पत्र बघून घाबरू नकोस, इथे आम्ही दोघंही धडधाकट आहोत. फोनच केला असता, पण तुझ्या आईचं म्हणणं असं की मी फोनवर बोलत नाही, चौकशी करतो. कुठे आहेस, सोबत कोण आहे, किती वाजता निघणार, हे तीन प्रश्न झाले की माझ्याकडचं बोलणं संपतं आणि तू ‘आईकडे द्या’ म्हणतेस. म्हटलं, एकदा लिहून बघावं. लिहिताना निदान मधेच उलटतपासणी घेता येत नाही.

तर गेले दोन महिने मला तुझ्या आईचा संशय येत होता. हसू नकोस, सगळं सांगतो. एका सकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली, मागचं परस नीट करून घ्यायचं, संध्याकाळी बसावंसं वाटेल असं. आपलं परस तुला माहीत आहे. कपडे वाळत घालायच्या दोन तारा, पाण्याचं पिंप, तुझी चाक नसलेली सायकल, आणि मागच्या भिंतीवर मी बसवलेला तो हॅलोजनचा दिवा, जो अंधार पडल्यावर कोणी हललं की आपोआप पेटतो. तिथे बसणार कोण, असं मी विचारलं. ती म्हणाली, बसेल कोणीतरी, आणि गाळणी झटकायला लागली. एकतीस वर्षं मी गोदामाच्या फाटकावर माणसं पारखली आहेत. प्रश्न विचारल्यावर माणूस हातातल्या वस्तूकडे बघायला लागला की समजावं, पाणी कुठेतरी मुरतंय.

आठवड्याभरात एक मुलगी आली. तिशीची असेल, आखूड केसांची, कमरेला मोजपट्टी. परस, गच्च्या, अंगणं नीट करून द्यायचा तिचा धंदा आहे म्हणे. मी तिला बागवाली म्हणतो, तिचीही काही हरकत दिसत नाही. मला वाटलं, येईल, मापं घेईल, चार कुंड्या सांगून जाईल. पण ती तीन संध्याकाळी नुसती खुर्ची टाकून परसात बसली. ऊन कुठल्या भिंतीवरून कधी उतरतं, वारा कुठून येतो, डास कुठे जमतात, कुणाच्या खिडकीतून किती दिसतं, सगळं वहीत टिपून घेतलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्यावर नजर ठेवून होतो. तिन्हीसांजेला ती जराशी हलली की दिवा लख्ख पेटायचा, मग ती डोळ्यांवर हात धरून वहीत आणखी एक ओळ लिहायची. दुसऱ्याच्या घराची अशी टेहळणी चोर तरी करतो नाही तर दलाल. चोर चहा घेत नाही, आणि ही दोन कप प्यायची.

दलालाची शंका शेजारच्या कंपाउंडरने पक्की केली. दवाखाना सोडून त्याला दहा वर्षं झाली, पण लोकांच्या नाडीवरचा हात काही सुटलेला नाही. तो म्हणाला, घर विकायचं असलं की लोक आधी परस सजवतात, गिऱ्हाईक तिथेच भुलतं. त्यात तुझी आई दुपारी फोनवर हळू आवाजात बोलायची आणि मी आलो की ‘बरं, ठेवते’ म्हणायची. एकदा मी पायांतल्या चपला काढून गेलो. तिच्या तोंडून एवढंच ऐकू आलं, ‘त्यांना इतक्यात नको सांगायला.’ त्यांना म्हणजे मला, यात शंकाच नव्हती. उतारवयात एखाद्या दोन खोल्यांच्या जागेत मला नेऊन बसवायचा बेत शिजतोय, अशी माझी खात्री झाली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मला तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

मग मी शोध घेतला. पिठाच्या डब्याखाली एक नकाशा सापडला. तुझी आई मला पुरती ओळखते, मी शोधणारच हे तिला ठाऊक, तरी पिठाच्या डब्याखाली ठेवला, म्हणजे बघ तिची लपवाछपवी. नकाशात मागच्या भिंतीला पाठ लावून विटांचा एक ओटा होता, सात फुटांचा. त्याच्यापुढे गुडघ्याएवढ्या उंचीचे दोन छोटे दिवे. पाण्याच्या पिंपाच्या जागी जाईचा वेल. स्वयंपाकघराच्या दारातली ती ठेच लागणारी पायरी काढून सपाट वाट. आणि ओट्यावर पेन्सिलीने काढलेली तीन मोठी वर्तुळं आणि एक लहान. लहान म्हणजे कुंडी असणार, असं मी धरलं. उरली तीन माणसं. आम्ही दोघं, मग हा तिसरा कोण? विकत घेणारा तर आमच्या मांडीला मांडी लावून बसणार नाही. म्हणजे भाडेकरू. घरात परका माणूस आणून बसवायचा आणि मला पत्ता लागू द्यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी मी बागवालीला फाटकातच गाठलं. हे कोणी सांगितलं, कशासाठी, तिसरी जागा कोणाची, सगळं एका दमात विचारलं. पोरगी जराही बिचकली नाही. उलट तिनेच मला विचारलं, ‘काका, या परसात संध्याकाळी शेवटचं कोण बसलं होतं?’ मी म्हटलं, तुम्हीच. ती म्हणाली, माझ्याआधी? मग तिने मला हाताला धरून आपल्या खुर्चीवर नेऊन बसवलं. सूर्य बुडाला होता. मी मान वळवली आणि दिवा पेटला. भिंगरी, मी तो दिवा स्वतः बसवला, पण त्याच्यासमोर कधी बसलो नव्हतो. समोरचं काही दिसेना. आपण मात्र सगळ्या जगाला दिसतोय, एवढंच कळत होतं. बागवाली म्हणाली, संध्याकाळी माणसाला गुपचूप बसून बघायला आवडतं, स्वतः दिसायला नाही. पाठीला भिंत हवी, उजेड पायांशी हवा, तोंडावर नको. मी म्हटलं, दिवा चोरांसाठी आहे. ती म्हणाली, चोर आले का? मी म्हटलं, नाही. ‘आणि माणसं?’ एवढं बोलून ती मापं घ्यायला लागली.

मग मला शेवटचं कोण बसलं होतं ते आठवलं. तुलाही आत्ता आठवलं असेल, किंवा तू कधी विसरलीच नसशील. आठ वर्षांपूर्वी तू त्या चष्मेवाल्याला पहिल्यांदा घरी आणलंस. आई बाहेर गेली होती. तुम्ही दोघं परसात उलट्या बादल्यांवर बसला होतात, आणि मी खिडकीत होतो. दिवा पेटला, मी बाहेर आलो आणि फाटकावर विचारतो तसं त्याला विचारलं. नाव, पत्ता, कुठे कामाला, कोणाला भेटायचं आहे. ओळखपत्र मागितलं. त्या भल्या माणसाने उठून, खिशातून काढून ते दाखवलं. मी घरच्या आल्यागेल्याच्या वहीत नोंद केली आणि त्याला सही करायला लावली. त्याने तीही केली. पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट मी गंमत म्हणून लोकांना सांगत आलो. जावयाची सही लग्नाआधीच घेऊन ठेवली म्हणायचो, आणि लोक हसायचे. तुझी आई कधी हसली नाही, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

त्या संध्याकाळी मी माळ्यावरून ती वही काढली. जुन्या वह्या मी टाकत नाही, तुला ठाऊक आहेच. पान सापडलं. आत आल्याची वेळ सहा चाळीस. बाहेर गेल्याची वेळ सहा बावन्न. शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच हाताने लिहिलंय, ‘संशयास्पद काही आढळले नाही.’ बारा मिनिटं, भिंगरी. माझी पोर एका माणसाला पहिल्यांदा आपलं घर दाखवायला आली होती, आणि मी त्याला बारा मिनिटांत बाहेर काढलं. मला फार लाज वाटली. आठ वर्षं उशिरा वाटली, पण वाटली.

वही आणि नकाशा दोन्ही घेऊन मी तुझ्या आईपुढे बसलो. भांडायचा विचार नव्हता, आणि भांडायला तोंडही उरलं नव्हतं. मी एवढंच विचारलं, हा तिसरा कोण? तिने नकाशा आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, ‘भिंगरी वर्षातून दोनदा येते. अकराला येते, चारला निघते. ती का निघते, तुम्हाला खरंच माहीत नाही?’ मी म्हटलं, अंधाराच्या आत घरी पोचलेलं बरं, म्हणून. मला वाटायचं, माझ्यावर गेली आहे, सावध आहे. आई म्हणाली, तुमची नात पाच वर्षांची झाली, पण या घरात संध्याकाळ झालेली तिने अजून पाहिलेली नाही. फोनवर ती हळू आवाजात बोलायची ते बागवालीशीच. तुम्ही तिघं याल की नाही हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ‘थांबा’ असं म्हणायला ती भीत होती. थांबावंसं वाटेल अशी जागाच करून ठेवावी, असं तिला वाटलं. म्हणजे ते लहान वर्तुळ कुंडी नव्हती, ती नात होती. आणि तीन मोठी म्हणजे तू, तुझा नवरा आणि ती स्वतः.

मी पुन्हा मोजलं. माणसं मोजण्यात माझी चूक सहसा होत नाही. मी म्हटलं, आणि मी कुठे बसायचं? ती रागावली नव्हती, खरं सांगतो. रागावली असती तर बरं झालं असतं. अगदी सहज म्हणाली, ‘तुम्ही कुठे बसता? तुम्ही खिडकीत उभे असता.’

सकाळी शिडी लावून मी तो दिवा उतरवला. त्यात काही मोठेपणा नाही, चार स्क्रूंचं काम होतं. मागच्या भिंतीवर आता त्याचा पांढरा चौकोन राहिलाय, तो ओट्याच्या रंगकामात झाकला जाईल. पिंपही हलवलं. तुझी सायकल मात्र आई काढू देत नाही, नातीला दाखवायची आहे म्हणते.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. येत्या वीस तारखेला गवंडी येणार. ओटा एकदा बांधला की बांधला, तो खुर्चीसारखा मागेपुढे सरकवता येत नाही. बागवालीला मी बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, आणखी एक मोठं माणूस बसवायचं तर दोन फूट वाढवावे लागतील, भिंतीला तेवढी जागा आहे, फक्त गवंडी यायच्या आत सांगा. मी तुझ्या आईला म्हटलं, वाढवूया का? ती म्हणाली, हे मी ठरवणार नाही, ज्यांच्यासाठी बांधतेय त्यांना विचारा. म्हणून तुला विचारतोय, आणि तुझ्या नवऱ्यालाही. त्याच्या बाबतीत मी चूक केली आहे, हे त्याला वाचून दाखव. माफी तोंडाने मागेन, त्याला चालत असेल तर. तुम्ही सात फूट म्हणालात तर सातच बांधू. त्या संध्याकाळी मी कंपाउंडरकडे जाऊन बसेन, खिडकीत उभा राहणार नाही, हा माझा शब्द. तुम्ही मात्र या, आणि चार वाजता उठू नका. तुझ्या आईने दोन महिने याच्याचसाठी माझ्याशी खोटं बोलून काढलेत. वीस तारखेच्या आत मला एवढंच कळव, सात की नऊ.

उत्तराची वाट बघणारा, आणि या वेळी एकही उलटा प्रश्न न विचारणारा,

तुझाच,
बाबा